दोन चाकांवरून खंडापार : एका पूर्वतयारीचा इतिहास

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत नाट्यप्रयोगांच्या आठवणी असाव्यात, गणेशोत्सवाचे वृत्तान्त असावेत, दिवंगत कार्यकर्त्यांचे स्मरण असावे, हे रीतीला धरूनच आहे. तेथे आम्ही सायकल घेऊन उपस्थित झालो आहोत, याबद्दल वाचकांनी रागावू नये. दुर्ग-भिलाईच्या माणसाला सायकलची ओळख करून देण्याचे कारण नाही. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते भिलाईच्या पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. त्या सुमारास येथे येऊन स्थिरावलेल्या पिढीच्या संसाराला आगगाडीने आणले असेल. पण तो चालवला सायकलने. हँडलला डबा अडकवून, पँटच्या पायाला चिमटा लावून पाळीवर निघालेला माणूस, हे या गावाचे पहिले छायाचित्र म्हणता येईल. तीच सायकल घेऊन काही माणसे खंडे ओलांडून गेली. त्यांच्या पराक्रमाची वर्णने पुष्कळ झाली आहेत. आमचे कुतूहल वेगळे आहे. ही माणसे निघण्यापूर्वी काय करीत होती? त्यांनी बरोबर काय घेतले, काय मागे ठेवले, आणि घरच्यांचा निरोप कसा मिळवला?

हा प्रश्न आम्हांला येथेच सुचावा याला आमच्या दारातला रस्ता कारण आहे. दुर्ग, भिलाई, रायपूर या तिन्ही गावांत ज्याला आजही 'जी. ई. रोड' म्हणतात, तो म्हणजे इंग्रजी अमदानीतील ग्रेट ईस्टर्न रोड. नागपूरहून निघून भंडारा, साकोली, देवरी करीत तो बाघनदीपाशी महाराष्ट्राची सीमा ओलांडतो, राजनांदगाव मागे टाकतो आणि शिवनाथ नदी उतरून दुर्गात येतो. पुढे त्याला राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ६ म्हणू लागले, २०१० नंतर क्रमांक ५३. आशियाई महामार्गांच्या जाळ्यात त्याचाच क्रमांक ४६ आहे. म्हणजे भाजी आणायला आपण ज्या रस्त्यावरून जातो, तो कागदोपत्री का होईना, खंडाचा रस्ता आहे. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत दुर्ग जिल्ह्याची राजधानी नागपूर होती. तोवर या रस्त्याने मराठी माणूस परप्रांतात येत नव्हता, आपल्याच प्रांतात एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे जात होता. नंतर राजधानी भोपाळ झाली, २००० सालापासून रायपूर आहे. रस्ता मात्र तोच राहिला.

आता मूळ विषयाकडे वळू. सायकलवरून पृथ्वीला वळसा घालणारा पहिला माणूस म्हणून थॉमस स्टीव्हन्स यांचे नाव घेतात. त्यांची सायकल आजच्यासारखी नव्हती. पुढचे चाक माणसाच्या छातीइतके उंच, मागचे वीतभर. २२ एप्रिल १८८४ रोजी ते सॅन फ्रान्सिस्कोहून निघाले आणि ऑगस्टच्या आरंभी बॉस्टनला पोहोचले. अमेरिका खंड सायकलवरून ओलांडण्याची ही पहिली वेळ. सामान काय, तर मोजे, एक जादा सदरा, एक पिस्तूल, आणि एक पावसाळी कोट. त्या कोटाचाच तंबू आणि त्याचेच अंथरूण. पुढच्या प्रवासाचा खर्च 'आउटिंग' या मासिकाने उचलला, त्याच्या बदल्यात त्यांनी प्रवासाची पत्रे लिहून पाठवावयाची. सामानाच्या बाबतीत इतका चोख असलेला हा गृहस्थ अडला तो कागदावर. अफगाणिस्तानात त्यांना अटक करून परत पाठवण्यात आले. मग ते मोठा वळसा घेऊन बोटीने कराचीला उतरले आणि लाहोरहून ग्रँड ट्रंक रोडने कलकत्त्याला गेले. १७ डिसेंबर १८८६ रोजी योकोहामा येथे त्यांचा सायकलप्रवास संपला. पायांत बळ आहे, चाक धड आहे, आणि तरीही वाट बंद आहे, हा अनुभव त्यानंतरच्या प्रत्येक प्रवाशाने घेतला आहे.

आपल्याकडील कथा मुंबईची आहे. १९२० साली ओव्हल मैदानावर एका फ्रेंच प्रवाशाचे व्याख्यान झाले. युरोपातून हिंदुस्थानापर्यंत पायी चालत आलेला हा माणूस. श्रोत्यांत मुंबईच्या वेटलिफ्टिंग क्लबातील पारशी तरुण होते. ते ऐकून घरी गेले आणि लगेच दुसऱ्या दिवशी निघाले, असे झाले नाही, हे आम्हांला विशेष वाटते. मध्ये तीन वर्षे गेली. १५ ऑक्टोबर १९२३ रोजी अदी हकीम, गुस्ताद हाथीराम, जाल बापासोला, केकी पोचखानावाला, नरिमन कापडिया आणि रुस्तम भूमगरा असे सहा जण मुंबईहून निघाले. पारशी तरुणांची कथा मराठी स्मरणिकेत कशाला, असे कोणी विचारील. मुंबईच्या आखाड्यात आणि मैदानावर घडलेला माणूस आम्ही परका मानीत नाही, एवढेच आमचे उत्तर.

ते निघाले त्या काळाचा थोडा विचार केला पाहिजे. सायकल परदेशातून येत असे; मद्रासचा टी. आय. सायकल्स १९४९चा, सोनीपतचा ॲटलास १९५१चा आणि लुधियानाचा हिरो १९५६चा. दऱ्याडोंगरांत दात बदलून चढ सोपा करणारी गिअरची साखळी सामान्य प्रवाशाच्या हाती आलेली नव्हती. फ्रान्सच्या सुप्रसिद्ध शर्यतीतसुद्धा तिला १९३७ साली परवानगी मिळाली. पासपोर्टचा हिंदुस्थानातील कायदा १९२०चा, म्हणजे तो कागदही नवा. वाटेतले पंजाब, बलुचिस्तान, इराण, इराक या मुलुखांत सायकलचे दुकान सापडेल अशी आशा करण्यात अर्थ नव्हता. अशा स्थितीत पंक्चर काढणे हीच पहिली विद्या. आमच्या लहानपणी प्रत्येक चौकात एक घमेले, एक पंप आणि सोल्यूशनची नळी घेऊन बसलेला कारागीर असे. पाण्यात ट्यूब दाबून बुडबुडा कोठून येतो ते तो पाहत असे, कानशीने रबर घासत असे. ते काम करता येत नसेल तर खंड ओलांडण्याच्या गप्पा व्यर्थ. आणि वाळवंटात तर ट्यूब बुडवायला पाणीही नसते. तेथे ती गालाजवळ धरून हवेची झुळूक शोधावी लागते.

या मंडळींची शरीरे कसलेली होती. तरी आकडे पाहिले म्हणजे तयारीचा खरा अर्थ कळतो. बगदाद ते अलेप्पो हे मेसोपोटेमियाचे वाळवंट, ९५६ किलोमीटर, त्यांनी २३ दिवसांत पार केले. दिवसाला सरासरी एक्केचाळीस-बेचाळीस किलोमीटर पडतात. संपूर्ण प्रवास सुमारे ७१,००० किलोमीटरांचा. १८ मार्च १९२८ रोजी तो मुंबईत पुरा झाला, म्हणजे चार वर्षे पाच महिने. भागाकार केला तर रोजचे ४४ किलोमीटर येतात. दुर्गहून रायपूरला जावे, त्याहून थोडेसेच अधिक! आमच्या गावात एवढे अंतर पाळी संपवून सहज कापणारी माणसे होऊन गेली. मग अवघड काय होते? अवघड होते ते उद्याही तेवढेच, परवाही तेवढेच, आणि असे सोळाशे दिवस.

या सोळाशे दिवसांत सहांचे तीन उरले. कापडिया तेहरानहून खाजगी कारणासाठी परतले. हाथीराम अमेरिकेतच स्थायिक झाले. त्यांच्या जाण्याने खिन्न होऊन पोचखानावालाही माघारी वळले. बापासोला, हकीम आणि भूमगरा हे तिघे जपान, कोरिया, चीन, हिंदी चीन, सयाम आणि ब्रह्मदेश या वाटेने घरी पोहोचले. त्यांचे प्रवासवर्णन १९३१ साली इंग्रजीत प्रसिद्ध झाले. त्याला पंडित जवाहरलाल नेहरूंची प्रस्तावना आहे. तिघे गळाले त्यांत आम्हांला दोष दिसत नाही. मात्र एक गोष्ट नोंदवण्याजोगी वाटते. त्यांचे पाय थकले म्हणून ते थांबले नाहीत. कोणाला घराने ओढले, कोणाला नव्या मुलुखाने धरून ठेवले, कोणाचा सोबती गेला. पेटी बांधताना या तीन गोष्टींसाठी जागा ठेवता येत नाही. त्यांचा हिशेब घरीच मांडून निघावे लागते.

याच वेळी मुंबईतला आणखी एक माणूस एकटाच निघाला. फ्रामरोझ दावर हे खेळांवर लिहिणारे पत्रकार. वरील सहांच्या पाठोपाठ, २३ जानेवारी १९२४ रोजी, त्यांनी प्रस्थान ठेवले. सोबती कोणी नाही. संघात सहा जण असले तर एक पंप सहांना पुरतो, एकाच्या तापात दुसरा पाणी देतो, चोराचिलटाच्या भीतीने आळीपाळीने जागता येते. एकट्याला यांपैकी काहीच नाही. त्याने प्रत्येक वस्तू स्वतःच वाहावी आणि प्रत्येक निर्णय स्वतःच घ्यावा. सायकल भिंतीला टेकवून दुकानात शिरायचे म्हटले तरी मागे लक्ष कोणी ठेवायचे, हा त्याचा प्रश्न असतो. दावर असे व्हिएन्नापर्यंत गेले. तेथे त्यांना गुस्टाव्ह स्तावयानिक हा ऑस्ट्रियन तरुण भेटला आणि पुढची वर्षे दोघांनी मिळून काढली. आल्प्स, सहारा, ॲमेझॉनचे अरण्य, अँडीज. १९३१च्या मार्चमध्ये दावर परत आले तेव्हा सात वर्षे उलटली होती आणि १,१०,००० किलोमीटर झाले होते. एकट्याच्या प्रवासाचा आग्रह धरणाऱ्या आजच्या मंडळींना हे थोडे खटकेल. आमच्या मते दावर यांनी एकटे निघण्याची तयारी केली होती म्हणूनच त्यांना सोबती निवडता आला. सोबतीवाचून ज्याचे अडते त्याला निवड कसली?

१९३३ साली केकी खरास, रुस्तम गांधी आणि रतन श्रॉफ निघाले ते १९४२ साली परतले. अफगाणिस्तान आणि आफ्रिका यांवरची त्यांची पुस्तके आहेत. बंगालमध्ये बिमल मुखर्जी १९२६ साली कलकत्त्याहून बाहेर पडले, रामनाथ बिश्वास १९३१ साली सिंगापूरहून. या सर्वांविषयी लिहायचे तर स्मरणिकेची निम्मी पाने लागतील. पारशी प्रवाशांची ही विस्मृत प्रकरणे गोव्यात राहणाऱ्या अनुप बबानी आणि साविया व्हिएगास यांनी अलीकडे पुस्तकरूपाने एकत्र आणली, हे त्यांचे उपकार आहेत.

घरच्या हिशेबाचा उल्लेख वर आला. त्या बाबतीत आयर्लंडच्या डर्व्हला मर्फी यांची हकीकत आम्हांला सर्वांत जवळची वाटते. दहाव्या वाढदिवसाला त्यांना एक जुनी सायकल आणि एक नकाशांचे पुस्तक भेट मिळाले, आणि काही दिवसांतच सायकलवरून हिंदुस्थानात जाण्याचा त्यांचा निश्चय झाला. तो अमलात आला १९६३ साली, वयाच्या एकतिसाव्या वर्षी. मधली वर्षे कोठे गेली? आई संधिवाताने अंथरुणाला खिळलेली होती. तिची शुश्रूषा करण्यात गेली. आई १९६२ साली वारली, त्यानंतरच्या जानेवारीत मुलगी निघाली. तिने वाटेवरच्या गावी जादा टायर आधीच पोस्टाने पाठवून ठेवले, पिस्तूल चालवण्याचा सराव केला, आणि मोडण्याची भीती नको म्हणून सायकलचे गिअर काढून टाकले. जुलैत ती दिल्लीला पोहोचली. टायर पुढे पाठवण्याची युक्ती कोणीही शिकावी अशी आहे. मात्र तिची सर्वांत लांब तयारी आजारी माणसाच्या उशाशी बसून झाली, आणि तिची नोंद सामानाच्या यादीत नाही. आपल्यातील किती मुलींची अशी वर्षे कोणत्याही प्रवासाविना संपली असतील, हा विचार मनात आल्यावाचून राहत नाही.

आता अगदी अलीकडचा काळ. पुण्याच्या वेदांगी कुलकर्णी इंग्लंडमध्ये बोर्नमथ येथे क्रीडा व्यवस्थापन शिकत असताना पृथ्वीप्रदक्षिणेला निघाल्या. जुलै २०१८ मध्ये ऑस्ट्रेलियातील पर्थ येथून आरंभ करून २३ डिसेंबरला कोलकाता येथे त्यांनी १५९ दिवसांत सुमारे २९,००० किलोमीटर पूर्ण केले. वय वीस. बहुतेक वाट एकटीने. पूर्वी प्रवास किती लांब व्हावा हे प्रवासी ठरवी. आता विक्रमाचे नियम ठरवतात. सायकलवर किमान १८,००० मैल, दिशा एकच, आणि पृथ्वीच्या गोलावरील परस्परविरुद्ध अशी दोन स्थळे वाटेत यावयास हवीत. त्यामुळे तयारीचा मोठा भाग नकाशावरच झाला. त्याहून मोठा भाग व्हिसांचा. भारतीय पासपोर्टावर चौदा देशांची वाट आखणे म्हणजे कोणत्या वकिलातीचा शिक्का कोणत्या तारखेपर्यंत टिकतो याचे कोष्टक करणे. स्टीव्हन्स अफगाण सरहद्दीवर अडले, त्याचाच हा आधुनिक अवतार. कॅनडात अस्वल मागे लागले, स्पेनमध्ये चाकूचा धाक दाखवून लुटले, रशियात गोठणबिंदूखाली वीस अंशांची थंडी. यांपैकी कशाचीही पूर्वतयारी पूर्ण होत नाही. खर्चाचा भार मुख्यत्वे आईवडिलांनी उचलला. दिवसाला १८२ किलोमीटरांची ही सरासरी पोरीच्या पायांची खरी, पण एकुलत्या वाटेवर निघालेल्या लेकीचा फोन येईपर्यंत रात्री जागणाऱ्या घराचा वाटा तीत आम्ही धरतो. मुलेबाळे दूरदेशी असलेल्या वाचकांना हे अधिक फोडून सांगण्याची गरज नाही.

आणि नागपूर. नाशिकच्या महाजन बंधूंनी, दोघेही डॉक्टर, २०१५ साली अमेरिका खंड ओलांडण्याची 'रॅम' ही शर्यत दोघांच्या गटात पूर्ण केली. ही शर्यत १९८२ साली चौघांनी सुरू केली. पॅसिफिकच्या किनाऱ्यापासून अटलांटिकच्या किनाऱ्यापर्यंत सुमारे ४,८०० किलोमीटर, मुदत बारा दिवस. एकेरी गटात २०१७ साली दोन भारतीय प्रथमच यशस्वी झाले. एक सैन्यातील डॉक्टर, नाशिकचे श्रीनिवास गोकुळनाथ, आणि दुसरे नागपूरचे डॉ. अमित समर्थ. दोघांनाही अकरा दिवस आणि काही तास लागले. गोकुळनाथ आदल्या वर्षी प्रयत्न करून अपुरे राहिले होते. ते अपयश हीच त्यांची सर्वांत उपयोगी तयारी ठरली असावी. समर्थ २०१८ साली मॉस्को ते व्लादिव्होस्तोक ही सुमारे ९,१०० किलोमीटरांची शर्यत पंचवीस दिवसांत पूर्ण करून आले.

येथे दिवसाला चारशे किलोमीटरांची गोष्ट आहे, आणि तयारीही त्या प्रतीची. जूनमधले कॅलिफोर्निया आणि ॲरिझोनाचे वाळवंट, मग रॉकी पर्वतात दहा हजार फुटांवरचा घाट. नागपूरच्या माणसाला निदान उन्हाचे भय नसावे. मे महिन्यात आमच्याकडे आणि त्यांच्याकडे जे तापते त्यापुढे ॲरिझोनाने फुशारकी मारू नये! परंतु झोप दिवसाला दोन-तीन तासच मिळते, ताशी ठरावीक अन्न पोटात ढकलावे लागते, आणि मानेचे स्नायू इतके थकतात की डोके उचलून धरता येत नाही. १९८३च्या शर्यतीत मायकेल शर्मर यांची मान अशी निकामी झाली, तेव्हापासून या व्याधीला त्यांचेच नाव आहे. म्हणून नुसते पाय कसून भागत नाही. मान, पाठ, पोट आणि बसण्याची जागा यांनाही महिनोन् महिने सवय लावावी लागते. आणि गंमत अशी की या 'एकेरी' स्पर्धकाच्या मागे रात्रभर मोटार चालते, तीत चालक, वैद्य, मिस्त्री, स्वयंपाकी असा सगळा गोतावळा असतो. दावर यांना हे पाहून हसू आले असते. पण त्या मोटारीतली माणसेही रजा काढून, घरचे बाजूला ठेवून, तितकेच जागलेली असतात.

आपल्या मुलांपैकी कोणाला हे वेड लागलेच तर सुरुवात कोठून करावी? त्याची शिडी आता ठरलेली आहे. 'ब्रेव्हे' या नावाच्या मुदतबंद सफरी असतात. २०० किलोमीटरांना साडेतेरा तास, ३०० ला वीस, ४०० ला सत्तावीस, ६०० ला चाळीस तास. त्यांत शर्यत नाही. वेळेत पोहोचणे एवढेच. पहिली पायरी आपल्याच रस्त्यावर मोजून पाहता येईल. पहाटे दुर्गहून निघावे, शिवनाथेचा पूल ओलांडावा, राजनांदगावी चहा घ्यावा, बाघनदीच्या आधीचा चढउतार आणि पुढचे जंगल दिवसाउजेडी मागे टाकावे, देवरी-साकोलीला जेवावे. वैनगंगेच्या काठी भंडाऱ्याला पोहोचेपर्यंत दोनशे किलोमीटर भरत आलेले असतात. ट्रकांची वर्दळ फार आहे, तेव्हा मागचा लाल दिवा आणि अंगावर चमकणारा पट्टा हवाच. दोन ट्यूबा, पंप, पाने, सोल्यूशन बरोबर असावे. आमच्या पिढीतल्या पुष्कळांचे आईवडील याच वाटेने, उलट दिशेने, एक पेटी आणि एक वळकटी घेऊन इकडे आले. त्यांच्यामागेही कोणीतरी नागपूरच्या, भंडाऱ्याच्या, अमरावतीच्या ओट्यावर उभे राहिले होते, आणि पोहोचल्याचे पत्र यायला चारसहा दिवस लागत.

मंडळाच्या सभासदांची सोयरीक राजनांदगावपासून नागपूरपर्यंत गावोगावी पसरलेली आहे. त्यांचे पत्ते आणि दूरध्वनी एका वहीत उतरवून घेतले, तर एकट्याने निघालेल्या पोराला दर साठ-सत्तर किलोमीटरांवर पाणी, जेवण आणि अंथरूण मिळेल. ही वही करण्याचे काम कोणी अंगावर घेणार असेल तर आमच्याकडची पहिली दोन पाने लिहून तयार आहेत.